कुंपणापलीकडची त्राटिका

“वहिनी, झोप झाली का? आमची नवी घोडी रात्रभर खिंकाळत होती.”

“यात्रेतली ना? कशी आहे?”

“देखणी आहे, पण पाठीला हात लावू देईना. आमचे हे म्हणाले, त्राटिका आहे नुसती!”

“घ्या! कोपऱ्यावरची सून त्राटिका, आता घोडीही त्राटिका. जिजी, या नावाचं नाटकच आहे. लिहिलंय एका प्रोफेसरानं.”

“प्रोफेसर आणि नाटकं?”

“हो ना. मुलीच्या एम.ए.च्या पुस्तकात वाचलं. वासुदेव बाळकृष्ण केळकर. टिळक-आगरकरांच्या मंडळींनी १८८५ साली फर्ग्युसन कॉलेज काढलं, तिथं इंग्रजी शिकवायचे. शेक्सपिअरचं ‘टेमिंग ऑफ द श्रू’ त्यांनी मराठीत आणलं. तिकडचा पेत्रुचिओ इकडं प्रतापराव झाला.”

“काय करतो हा प्रतापराव?”

“लग्न करून बायकोला घरी नेतो आणि जेवू देत नाही, झोपू देत नाही. ताळ्यावर यावी म्हणून!”

“ओ माय! घोडीला असं करून बघा म्हणावं. आमचे हे आधी गूळ भरवतात, मानेवरून हात फिरवतात, खोगीर हुंगू देतात. मग कुठं पाठीवर टाकतात. दाणा तोडला की जनावर माया तोडतं.”

“तुमच्या यांनाच पाठवायला हवं होतं कॉलेजात.”

“बरं, त्राटिका कोण व्हायची?”

“पुरुषच. शाहूनगरवासी नाटक मंडळीत गणपतराव जोशी प्रतापराव, बाळाभाऊ जोग त्राटिका.”

“म्हणजे लिहिणारा पुरुष, वठणीवर आणणारा पुरुष आणि वठणीवर येणारीही पुरुष! मग बाई होती कुठं?”

“बाईबद्दल बोलणारे शेजारच्या वर्गात होते, आगरकर. त्यांनीही ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, ‘विकारविलसित’ नावानं. १८८२ साली टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. पुढं ‘सुधारक’ काढून लिहीत राहिले, की मुलामुलींना एकच शिक्षण द्या आणि तेही एकत्र द्या. १८९२ला प्रिन्सिपॉल झाले, १८९५ला गेले. चाळिशीसुद्धा गाठली नाही.”

“एकाच कॉलेजात दोघं? मधल्या सुट्टीत काय बोलत असतील हो?”

“आपल्यासारखंच, कुंपणावरून!”

“ऐकलंत? खिंकाळली. दाणा टाकते बाई. उपाशी राहिली तर यांचं नाव प्रतापराव पडायचं!”