वजनकाका

वजनकाट्यावर कसं चढावं, हे वजनकाकांकडून शिकावं. आधी खिशातल्या किल्ल्या, सुटे पैसे आणि मोबाइल टेबलावर. मग घड्याळ. मग चष्मा. मनगटावरचा गंडा काढावा की नाही यावर जरासा विचार, आणि देवाशी वाकडं नको म्हणून तो राहू द्यायचा. मग श्वास सोडून, पोट आत ओढून, जिना चोरपावलांनी चढावा तसा एकेक पाय काट्यावर. चष्मा काढलेला असल्यामुळे आकडा त्यांना दिसत नाही. तो काकू वाचतात.

"८६."

"काटा बिघडलाय," काका म्हणतात.

काकांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते टपालवाल्याखेरीज कुणी वाचत नाही. त्यांचं आयुष्य बँकेत गेलं, त्यामुळे वजनाचीही त्यांनी खतावणी ठेवली आहे. पहिल्या पानावर स्टेशनवरच्या यंत्राचं जाड पुठ्ठ्याचं तिकीट चिकटवलेलं आहे. दादर, १९७८, वजन ५८ किलो, मागच्या बाजूला 'तुमच्या शब्दाला मान मिळेल' असं भविष्य. वजनाचा भाग पुढे खोटा ठरला. भविष्याचा खरा ठरावा म्हणून काका आजही झटताहेत. खतावणीप्रमाणे त्यांनी आजवर एकूण ११२ किलो वजन घटवलं आहे. म्हणजे मूळचे काका जवळजवळ दोन वेळा वजा होऊन शून्याच्या खाली जायला हवे होते. ते तसे गेलेले नाहीत, कारण मधल्या काळात वाढलेलं वजन ते 'संकीर्ण' खाती टाकतात आणि त्या खात्याची बेरीज कधी करत नाहीत.

इतिहासात यादवकाळ, शिवकाळ, पेशवाई असते, तसे काकांच्या आयुष्याचेही कालखंड आहेत. पहिला मधपाणी काळ. पहाटे कोमट पाण्यात लिंबू आणि दोन मोठे चमचे मध. "चरबी अशी विरघळते, अशी!" असं म्हणताना ते चुटकी वाजवत. काकूंनी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. मेथी निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "एका मोठ्या चमच्याला ६० कॅलरी, दोन चमच्यांना १२०. विरघळते कुठली, मुक्कामाला येते."

मग भातबंदी. "मी भात सोडला," हे काका अशा आवाजात सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं गृहस्थ हिमालयात निघाले. भाताच्या जागी ताटात दोन पोळ्या वाढल्या, कधी तीन. कोरडा तांदूळ आणि गव्हाचं पीठ या दोघांतही १०० ग्रॅमला साधारण ३५० कॅलरी असतात, हे काकूंनी सांगून पाहिलं. पण पहिल्याच आठवड्यात काटा २ किलो खाली आला आणि काकांनी सोसायटीत पेढे वाटले. स्वतः दोन खाल्ले, कारण आनंद झाला होता. खरं म्हणजे ते पाणी होतं. खाणं एकदम तोडलं की शरीर आधी यकृतातला आणि स्नायूंतला ग्लायकोजेनचा साठा काढतं, आणि त्यातला प्रत्येक ग्रॅम तीनेक ग्रॅम पाणी धरून बसलेला असतो. साठा गेला की पाणी गेलं. साठा भरला की पाणी परत. पेढे मात्र परत येत नाहीत.

साखरबंदीचा काळ थोडक्यात उरकतो: साखर म्हणजे विष, आणि कोपऱ्यावरच्या टपरीत गुळाचा चहा दिवसाला चार कप. एकादशीबद्दल तर बोलायलाच नको. साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस आणि वर "आज पोटाला विश्रांती आहे."

दीक्षित काळ हा मात्र सुवर्णकाळ म्हणायला हवा. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या मांडणीवरून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी महाराष्ट्रभर नेलेली ही पद्धत: दिवसातून दोनदा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही. डॉक्टरांनी ही कमाल मर्यादा सांगितली. काकांनी ती हक्काची रजा समजून पुरेपूर वापरली. जेवायला बसताना कुकरशेजारचं टायमर लावायचं, आणि ५२व्या मिनिटाला "अजून तीन आहेत, श्रीखंड आण." रोजचं ४५ मिनिटांचं चालणं त्यांनी ऐच्छिक विषयासारखं सोडून दिलं. तरीही ४ किलो कमी झाले, हे मान्य करायला हवं. दिवसभरातला चहा, खारी आणि जाता-येता तोंडात टाकायचा चिवडा बंद झाला होता. पुढे भाच्याचं लग्न आलं. लग्नात टायमर कोण लावतो?

या साऱ्या काळात मी प्रेक्षक होतो, कारण मी सडपातळ. "तुला काय कळणार," असं काका म्हणत आणि मला बरं वाटे. एका संध्याकाळी काकूंनी ते सुखही काढून घेतलं. त्यांनी मला २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या एका छायाचित्राची गोष्ट सांगितली. दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे: आपल्या पुण्याच्या केईएममधले चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. "आपली माणसं बारीक दिसतात, असतात असं नाही," काकू म्हणाल्या आणि शिवणाच्या डब्यातली टेप काढून माझ्या कमरेभोवती टाकली. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ. माझे ९४ भरले. काकांच्या चेहऱ्यावर, पहिल्यांदा शिष्य मिळालेल्या गुरूचं तेज आलं.

"उद्या सहाला. तळजाईच्या टेकडीवर, पळायला," ते म्हणाले.

पायथ्याशी रसवाल्यांची रांग असते: दुधी, कारलं, आवळा, गव्हांकुर. पहिल्याच सकाळी काकांनी दुधीचा पेला हातात दिला. तो कडूजहर होता. "कडू तेवढं गुणकारी!" मी कसाबसा ओठ लावून ठेवून दिला. घरी हे कळलं तेव्हा काकूंचा आवाज चढलेला मी प्रथमच ऐकला. दुधी कडू निघाला तर घोटही घ्यायचा नाही, तो विषारी असतो, माणसं दवाखान्यात गेली आहेत, गेली आहेत म्हणजे परतही न येण्याइतकी. काका दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी आवळा.

काकांच्या भाषेत कुठलंही पळणं म्हणजे मॅरेथॉन. सोसायटीच्या गेटपासून दूध केंद्रापर्यंतही. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरचीच असते, हे मी एकदा म्हणालो. "ते परदेशात," काका म्हणाले. पळताना त्यांच्या पोटाला टीव्हीवर पाहून मागवलेला पट्टा असतो. त्यानं पोटाला धो धो घाम येतो, काका खूष होतात आणि उतरल्यावर उसाचा रस पिऊन तो घाम जागच्या जागी भरून देतात.

हिशेबाचा दिवसही एकदा उगवला. काकूंनी सांगितलं, पळताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण एक कॅलरी खर्च होते. आणि एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी. काकांमधला बँकवाला जागा झाला. पाठीमागे हात बांधून त्यांनी तोंडी भागाकार केला.

"एका किलोला नव्वद किलोमीटर? अगं, म्हणजे जवळजवळ वाई आली!"

"आणि ५ किलोमीटरनंतर तुम्ही दोघं जे दोन-दोन वडापाव खाऊन येता ना, त्यात आपण वाईहून उलटे निघतो."

"येताना एसटीनं आलं तर चालेल का?" काकांनी विचारलं. मला वाटतं, त्यांना खरंच उत्तर हवं होतं.

गुडघ्यांची भीती मला शेजाऱ्यांनी घातली होती. पळाल्यानं वाट्या झिजतात, असं ज्यांनी सांगितलं त्यांतला एकही कधी पळालेला नव्हता आणि निम्म्यांचे गुडघे दुखत होते. २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावणाऱ्यांपैकी ३.५ टक्के लोकांना खुब्याची किंवा गुडघ्याची झीज आढळली, बैठ्या लोकांत १०.२ टक्के. हे मी शेजाऱ्यांना सांगितलं नाही. त्यांना बसू द्यावं.

आता जे कबूल करायचं आहे ते असं. काकांनी सांगितलेली एकही गोष्ट पुरती खरी नसताना मी त्यांच्यासोबत पळायला शिकलो. आधी एकटा गेलो होतो तेव्हा चोर मागे लागल्यासारखा सुटलो आणि चारशे मीटरवर बरगडीखाली कळ येऊन कठड्यावर बसलो. काकांबरोबर तसं होणं शक्य नाही. ते सतत बोलतात. बोलायचं म्हणजे दम हवा, म्हणून पळण्याचा वेग इतका की नऊवारीतल्या एक आजी रोज "चालू द्या" म्हणत पुढे जातात. शिवाय मुद्दा महत्त्वाचा आला की काका माझं कोपर धरून थांबतात, तो पूर्ण करतात आणि मगच पुढे निघतात. जॉश क्लार्क नावाच्या अमेरिकन माणसानं १९९६ साली आपल्या आईला पळायला लावण्यासाठी नऊ आठवड्यांचा पाठ आखला. त्याच्या पहिल्या आठवड्यात ६० सेकंद पळायचं आणि ९० सेकंद चालायचं असतं. नवशिक्यानं पळताना अख्खं वाक्य न तुटता बोलता यायला हवं, हेही जाणकार सांगतात. काकांना यातलं काही माहीत नाही. ते फक्त वाक्य पूर्ण करतात.

तीन महिन्यांत माझी कंबर ९१वर आली आणि वजन १ किलोनं उतरलं. काकांनी तो किलो स्वतःच्या खतावणीत जमा करून घेतला. एकूण ११३.

परवा चढावर काका अचानक गप्प झाले. दहा पावलं, वीस पावलं, शब्द नाही. माझ्या पोटात गोळा आला. मग लक्षात आलं, मीच नादात पाय उचलले होते. मी वेग कमी केला. काकांनी एक दीर्घ श्वास घेतला.

"काय सांगत होतो... हं. काकडी. काकडीत जेवढ्या कॅलरी असतात ना, त्याहून जास्त ती पचवायला लागतात. म्हणजे बघ, समजा माणसानं दिवसाला पाच किलो..."

मी आणखी थोडा हळू झालो. वाक्य लांबचं होतं. तळजाईचं देऊळ आलं तरी काका अजून दुसऱ्या किलोवरच होते.