सर्वानुमते सचोटी

कंपनीतल्या टीमसाठी सामायिक तत्त्वे ठरवायची झाल्यास सर्वप्रथम लोणावळ्याला रिसॉर्ट बुक करावे. ऑफिसात बसून तत्त्वे सुचत नाहीत, तिथे कामे असतात. दुपारच्या जेवणानंतर, निम्मी टीम पेंगत असताना, पिवळ्या स्टिकी नोट्स वाटाव्यात आणि 'मनात येईल ते लिहा' असे सांगावे. मनात आलेले अर्थातच कोणी लिहीत नाही. हक्काचा शनिवार इथे गेला, पगारवाढ रखडली, मॅनेजर रात्री साडेदहाला व्हॉट्सॲप करतो, यातले काही कागदावर उतरत नाही. उतरते ते 'टीमवर्क', 'इनोव्हेशन' आणि 'पॅशन'. व्हाइटबोर्ड भरतो. फोटो काढून घ्यावा.

निवडीची कसोटी सोपी आहे. ज्याला उघडपणे विरोध करायला कोणीच धजावणार नाही, तोच शब्द घ्यावा. 'आम्ही सचोटी मानतो' म्हटले की सगळे हात वर होतात. 'छोट्या पुरवठादाराचे बिल तीस दिवसांत चुकते करू' म्हटले की अकाउंट्सवाले खुर्चीत चुळबुळ करतात. असली वाक्ये वेळीच खोडावीत. तीस दिवस उलटले की ते शिपायालाही कळते. सचोटी कधी उलटली, हे ऑडिटरलाही कळत नाही.

या बाबतीत आदर्श अमेरिकी ऊर्जा कंपनी एन्रॉनचा. आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता ही त्यांची चार मूल्ये. जुलै 2000 मध्ये कंपनीने 64 पानांची आचारसंहिताही छापली; प्रस्तावना खुद्द अध्यक्ष केनेथ ले यांची. डिसेंबर 2001 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तोवर हिशेबांतल्या लबाड्या बाहेर आल्या होत्या. पुस्तिकेत मात्र कुठेही खाडाखोड नव्हती. यातला 'आदर' गुहागर तालुक्याने जवळून पाहिला होता. एन्रॉनच्या दाभोळ वीजप्रकल्पाला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांना पोलिसांनी मारहाण केली, अटक केली. त्या दडपशाहीत कंपनीचीही साथ असल्याचा ठपका ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने 1999 च्या अहवालात ठेवला. 'संवाद' महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशी झाला, तो मुख्यतः बिलांवरून. त्या दरात वीज परवडेना म्हणून 2001 मध्ये मंडळाने खरेदी थांबवली आणि प्रकल्प बंद पडला. एवढे सगळे होऊनही चार मूल्यांपैकी एकही बदलावे लागले नाही. मूल्ये टिकाऊ असावीत, ती अशी.

लोकसहभागाची हौस असेल तर उबर पाहावे. तिथली जुनी चौदा मूल्ये वादात सापडल्यावर 2017 मध्ये नव्या प्रमुखांनी कर्मचाऱ्यांकडूनच सूचना मागवल्या. बाराशेहून अधिक सूचना आल्या, बावीस हजारांवर मते पडली. निघालेल्या आठ तत्त्वांपैकी एक असे, की आम्ही योग्य तेच करतो, विषय संपला. योग्य म्हणजे काय, हे मतदानाला टाकले नव्हते. ते बरेच झाले, नाहीतर मोजणी अजून चालू असती.

एक उदाहरण मात्र ऑफसाइटमध्ये चुकूनही काढू नये. जॉन्सन अँड जॉन्सनने 1943 मध्ये एका पानावर लिहून ठेवले की पहिली जबाबदारी डॉक्टर, परिचारिका आणि उत्पादने वापरणाऱ्यांप्रती. भागधारक सगळ्यात शेवटी. 1982 मध्ये शिकागो परिसरात कोणीतरी कंपनीच्या टायलेनॉल या वेदनाशामकाच्या कॅप्सूलांत सायनाइड मिसळले, सात माणसे मेली. कंपनीने अमेरिकाभरातून सुमारे तीन कोटी दहा लाख बाटल्या परत मागवल्या. खर्च दहा कोटी डॉलरच्या वर गेला. (याच कंपनीवर पुढे टाल्कम पावडरीवरून हजारो खटले भरले गेले, तो भाग वेगळा.) भागधारक शेवटी, असे वाक्य एकदा लिहिले की एखाद्या दिवशी ते पाळावे लागते आणि त्याचा आकडा ताळेबंदात दिसतो. बजेट मंजूर नसताना ही जोखीम कोणी घ्यावी?

तत्त्वे ठरली की ती भिंतीवर, मगवर आणि अप्रेझलच्या फॉर्मात छापावीत. फॉर्ममध्ये प्रत्येक तत्त्वाला पाचपैकी गुण ठेवावेत; सगळ्यांना तीन मिळतात, म्हणजे भांडण होत नाही. शेवटी प्रश्नोत्तरे घ्यावीत, पण पाचच मिनिटे. तरी नुकती रुजू झालेली एखादी मुलगी हात वर करतेच. "सर, क्लायंटला शुक्रवारी डिलिव्हरी कबूल केलीय, पण टेस्टिंग निम्मंच झालंय. मग सचोटी म्हणून आज त्यांना फोन करायचा ना?"

"व्हेरी गुड पॉइंट, आपण हे ऑफलाइन बोलू," असे म्हणून टाळ्या वाजवाव्यात. सोमवारी तिला 'सचोटी चॅम्पियन' नेमून लॅनयार्डला लावायचा बिल्ला द्यावा. डिलिव्हरी शुक्रवारीच जाईल, हे तिच्या मॅनेजरने पाहावे.