थोरल्या शेजाऱ्याच्या नाजूक भावना

23 मे 2024 च्या पहाटे नार्वा नदीतून 24 बोये गेले. एस्टोनिया आणि रशिया यांच्या मधून ही नदी वाहते. पात्र दरवर्षी थोडंफार बदलतं, म्हणून उन्हाळ्याच्या तोंडावर एस्टोनिया पाण्यात तरंगते बोये सोडायचं. मासे पकडायला निघालेला एखादा म्हातारा चुकून महासत्तेत शिरू नये, एवढाच हेतू. त्या वर्षी पहिल्या खेपेला 50 बोये सोडले होते. अंधारात रशियाचे सीमारक्षक आले आणि त्यातले 24 उचलून घेऊन गेले.

हा प्रकार आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला समजावून सांगावा लागणार नाही. शेजारी बांध कोरतो, खुणेचा दगड रात्रीतून हलवतो आणि सकाळी ‘काय म्हणतंय पीकपाणी?’ असं विचारतो. फरक इतकाच, की आपल्याकडे निदान मोजणीचा अर्ज करता येतो. तिथे शेजाऱ्याकडे अण्वस्त्रं आहेत, त्यामुळे मोजणी मागणाराच भांडखोर ठरतो.

एस्टोनियाने निषेध नोंदवला. तेव्हा जगभरातल्या समंजस लोकांनी नेहमीप्रमाणे सुस्कारा सोडला. बोयेच तर नेले! रणगाडे थोडेच आणले! या बाल्टिक लोकांना सगळीकडे रशियाच दिसतो. आता नदीकाठच्या नार्वा शहराच्या किल्ल्यावर उभं राहिलं की समोर इव्हानगोरोदचा किल्ला, म्हणजे खरोखरच रशिया दिसतो, ही गोष्ट वेगळी. पण तो दिसला तरी बोलून दाखवू नये, याला मुत्सद्देगिरी म्हणतात.

तशी हद्द हा विषय थोरल्या शेजाऱ्याच्या घरी विनोदाचा आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये भूगोलप्रेमी मुलांच्या एका कार्यक्रमात व्लादिमीर पुतिन यांनी रशियाची सीमा कुठेच संपत नाही असं सांगितलं आणि लगेच हा विनोद असल्याचाही खुलासा केला. एस्टोनियात कुणाला हसू आलं नाही. छोट्या देशांची विनोदबुद्धी अंमळ कमी असते. स्मरणशक्ती मात्र नको तेवढी तल्लख असते, आणि सगळा घोळ तिथेच आहे.

कारण त्यांना 2 फेब्रुवारी 1920 आठवतो. त्या दिवशी तार्तूच्या तहात सोव्हिएत रशियाने एस्टोनियावरचे आपले सगळे हक्क कायमचे सोडून दिले. ‘कायमचे’ ही मुदत साधारण वीस वर्षांची निघाली. ऑगस्ट 1939 मध्ये सोव्हिएत संघाचे मोलोटोव्ह आणि हिटलरच्या जर्मनीचे रिबेनट्रॉप यांनी मॉस्कोत करार केला आणि त्याच्या गुप्त पुरवणीत पूर्व युरोप वाटून घेतला. अशी पुरवणी होती हे सोव्हिएत संघाने 1989 च्या डिसेंबरपर्यंत कबूल केलं नाही. मोलोटोव्ह 1986 मध्ये गेले, तोवर तेही नाकारतच राहिले. छोट्या देशांतले लोक पन्नास वर्षं त्या कागदाविषयी बोलत होते आणि पन्नास वर्षं त्यांना संशयी म्हटलं जात होतं.

पुढे एस्टोनिया, लात्विया आणि लिथुआनिया या तिन्ही बाल्टिक देशांशी ‘परस्पर साहाय्या’चे करार झाले. यातलं परस्पर म्हणजे काय, तर एस्टोनियाने तळ द्यायचे आणि सोव्हिएत संघाने त्यावर 25 हजार सैनिक आणून बसवायचे. एस्टोनियाच्या शांतताकाळातल्या स्वतःच्या फौजेपेक्षा हे पाहुणे जास्त होते. जून 1940 मध्ये आणखी पाहुणे आले. सोबत व्यवस्था पाहायला स्टालिनची खास माणसं आली, झ्दानोव एस्टोनियात टालिनला, विशिन्स्की लात्वियात रीगाला, देकानोझोव्ह लिथुआनियाला. जुलैत निवडणुका घेतल्या. प्रत्येक ठिकाणी मान्यताप्राप्त यादी एकच होती, त्यामुळे मतदाराच्या डोक्याला ताप नव्हता. त्या यादीला मतं एस्टोनियात 92.8 टक्के, लात्वियात 97.8 टक्के, लिथुआनियात 99.19 टक्के. शेवटचे ते 0.19 ज्याने काढले, त्या हिशेबनिसाचं मला फार कौतुक वाटतं. इतक्या काटेकोरपणे खोटं बोलायला जातीचा कारकून लागतो. ऑगस्टमध्ये तिन्ही देश सोव्हिएत संघात ‘सामील’ झाले. जून 2020 मध्ये एका प्रदीर्घ लेखात पुतिन यांनी हे सारं करारानुसार आणि निवडून आलेल्या सरकारांच्या संमतीने झाल्याचं पुन्हा सांगितलं. संमती घेताना रणगाडे रस्त्यावर होते हा तपशील लांबीअभावी राहून गेला असावा.

एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष कॉन्स्टँटिन पॅट्स यांना रशियात नेलं. पुढे तुरुंग आणि त्यानंतर मनोरुग्णालय. त्यांच्या आजाराचं लक्षण काय, तर हा माणूस आपण एस्टोनियाचे राष्ट्राध्यक्ष आहोत असा हट्ट धरतो. ते 1956 मध्ये तिथेच वारले. जो आहे तेच सांगतो तो वेडा, असं वैद्यकशास्त्र एकदा मान्य केलं की अख्खा देश भ्रमिष्ट ठरवायला कितीसा वेळ लागणार?

आणि ते आगगाडीचे डबे. 14 जून 1941 ला पहिली मोठी खेप सायबेरियाकडे गेली. मार्च 1949 मध्ये चार दिवसांत तिन्ही देशांतून 90 हजारांहून अधिक माणसं उचलली, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. त्या डब्यांत एक सहा महिन्यांची मुलगी होती, आईच्या आणि आजीच्या कडेवर. सोव्हिएत राज्याला तिच्यापासून नेमका कोणता धोका होता हे त्या वेळी कुणाला कळलं नसेल. पण राज्य दूरदृष्टीचं होतं. ती मुलगी सायबेरियातून परतली, मोठी झाली, तिला मुलगी झाली, आणि ती मुलगी, काया कॅलास, 2021 मध्ये एस्टोनियाची पंतप्रधान झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये रशियाच्या गृहखात्याने तिला ‘हव्या असलेल्या’ गुन्हेगारांच्या यादीत घातलं. गुन्हा, सोव्हिएत युद्धस्मारकं हलवल्याचा. क्रेमलिनच्या प्रवक्त्यांच्या मते तो ऐतिहासिक स्मृतीचा अवमान होता. नातीने रणगाडा चौथऱ्यावरून उतरवला तो अवमान. आजीला गुराढोरांच्या डब्यात घातलं तो इतिहास. असो.

आता दुसऱ्या बाजूच्या शहाण्यांकडे वळू, कारण या नाटकात खरी करमणूक तेच करतात. 2003 मध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झाक शिराक यांनी पूर्व युरोपातल्या देशांनी गप्प बसायची चांगली संधी दवडली असं सुनावलं होतं. विषय इराकचा होता आणि त्या विषयात शिराक यांचंच बरोबर ठरलं, हेही सांगायला हवं. पण ती बोलण्याची ढब पश्चिम युरोपला आवडली आणि पुढची वीस वर्षं पुरली. 2005 मध्ये जर्मनीने रशियाशी समुद्राखालून गॅसवाहिनी टाकायचं ठरवलं. पोलंड आणि बाल्टिक देशांनी बोंब ठोकली. त्यांना सांगण्यात आलं, हा निव्वळ व्यापार आहे, राजकारण आणू नका. ज्या चॅन्सेलरांच्या कारकिर्दीत हे ठरलं ते गेरहार्ड श्रोडर पद गेल्यावर त्याच वाहिनीच्या कंपनीत मानाच्या जागी जाऊन बसले. तेव्हा व्यापार होता हे खरंच. 2014 मध्ये रशियाने क्रिमिया घेतल्यावर दुसरी वाहिनी टाकायला घेतली. शेजाऱ्याने एक घर बळकावलं की त्याच्याशी व्यवहार दुप्पट करावा, म्हणजे तो निवळतो, असा त्यामागचा सिद्धान्त होता.

लिथुआनियाने त्याच वर्षी क्लायपेडाच्या बंदरात द्रवरूप गॅसचं एक तरंगतं टर्मिनल आणून उभं केलं. जहाजाचं नाव ‘इंडिपेंडन्स’. महाग पडलं. तेव्हा हसले लोक. 2022 मध्ये हसू बर्लिनकडून क्लायपेडाकडे गेलं. त्या सप्टेंबरात युरोपीय आयोगाच्या अध्यक्ष उर्सुला फॉन डेर लायन यांनी पोलंड आणि बाल्टिक देशांचं ऐकायला हवं होतं अशी जाहीर कबुली दिली. त्याआधी, त्याच वर्षीच्या जूनमध्ये फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष माक्रों रशियाचा अपमान होता कामा नये अशी काळजी वाहत होते. शहरं युक्रेनची जळत होती. जपायच्या होत्या त्या थोरल्याच्या भावना. यात विसंगती शोधू नका. मोठ्या देशाला ‘सुरक्षेची चिंता’ असते, छोट्याला नुसता ‘गंड’ असतो.

आपल्या कट्ट्यावरही या विषयातले तज्ज्ञ कमी नाहीत. एस्टोनिया नकाशावर दाखवता येणार नाही, पण नेटोने रशियाला डिवचलं हे ठाम ठाऊक असतं. यामागे भावना आहे आणि ती मला समजते. 1971 मध्ये सोव्हिएत संघ आपल्या बाजूने उभा राहिला, सुरक्षा परिषदेत नकाराधिकार वापरला. आमच्या पिढीच्या वह्यांना सोव्हिएत मासिकांच्या गुळगुळीत कागदाची कव्हरं असायची आणि ट्रॅक्टरवर बसलेली ती हसरी माणसं आम्ही वर्षभर पाहत असू. कृतज्ञता चांगलीच गोष्ट. पण मुंबई ते मॉस्को हजारो किलोमीटरचं अंतर आहे आणि नार्वा ते इव्हानगोरोद एक पूल. मैत्रीची गोडी पुष्कळदा अंतरातून येते. सोव्हिएत काळात पूर्व युरोपात विचारत, रशियन आपले मित्र की भाऊ? उत्तर ठरलेलं: भाऊच, मित्र निवडता येतात.

आणि डिवचण्याचं म्हणाल तर बाल्टिक देशांनी 2004 मध्ये नेटोत शिरून भरपूर डिवचलं. 2008 मध्ये हल्ला झाला जॉर्जियावर, 2014 आणि 2022 मध्ये युक्रेनवर. दोघेही नेटोबाहेर. ज्यांनी डिवचलं ते शाबूत, ज्यांना आत घेतलं नाही ते बेचिराख. योगायोग असावा. ‘फिनलंडसारखं शहाण्यासारखं वागा’ हा सल्ला तर या तिघांना वर्षानुवर्षं दिला जायचा. एप्रिल 2023 मध्ये फिनलंडच नेटोत गेला. सल्ला देणाऱ्यांनी तेव्हापासून नवं उदाहरण सुचवलेलं नाही.

छोटे म्हणून सगळेच साधुसंत, असा मात्र कुणी समज करून घेऊ नये. लात्विया आणि एस्टोनियात सुमारे पाव लोकसंख्या रशियन आहे. सोव्हिएत काळात कारखान्यांसाठी आणलेल्या कामगारांची ही मुलं-नातवंडं तिथेच जन्मली. त्यातले कित्येक आजही धड कुठल्याच देशाचे नागरिक नाहीत. मार्च 2025 मध्ये एस्टोनियाने राज्यघटना बदलून रशियाच्या नागरिकांचा स्थानिक निवडणुकीतला मतदानाचा हक्क काढला. नार्वातल्या आजीबाईंनी नदीपलीकडची पेन्शन घेतली म्हणून त्या पुतिनच्या सेनापती होत नाहीत. रीगाने 2023 मध्ये उद्यानातला पुश्किनचा पुतळा हलवला. पुश्किनने लात्वियावर रणगाडा घातल्याची नोंद नाही. आणि ज्या स्मरणशक्तीचं मी वर कौतुक केलं, ती 1940 आणि 1949 च्या तारखा घडाघडा म्हणते, पण 1941 ते 1944 या जर्मन ताब्याच्या काळात शेजारच्या ज्यू कुटुंबांचं काय झालं आणि त्यात स्थानिक हात किती होते, हे विचारलं की तिचा आवाज पडतो. लिथुआनियातले दहातले नऊहून अधिक ज्यू मारले गेले. तिथे थोरल्याकडे बोट दाखवून भागत नाही.

तरी, दोन्ही बाजूंचं थोडं थोडं चुकतं असं म्हणून हात झटकायचे असतील, तर एकदा 9 मे रोजी नार्वाला जावं. 2023 पासून रशिया विजयदिनाला नदीच्या पलीकडच्या काठावर भला मोठा पडदा आणि मंच उभारतो. तोंड एस्टोनियाकडे. गाणी, भाषणं, झेंडे, सगळं अलीकडच्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. इकडे नार्वाच्या संग्रहालयाने किल्ल्याच्या भिंतीवर पुतिन युद्धगुन्हेगार आहेत असं सांगणारा प्रचंड फलक लटकवायचा शिरस्ता पाडला. पलीकडच्या गायकांना गाताना समोर तोच दिसतो. काठावर उभे राहून ऐकणारे नार्वाकर बहुसंख्येने रशियन बोलणारे. कुणी गुणगुणतात, कुणी फलकाचा फोटो काढतात. याहून प्रामाणिक शेजारसंबंध युरोपात दुसरीकडे नसतील.

बाकी काळजी नसावी, कायदेशीर बाजूही तपासून झाली आहे. 2015 मध्ये दोन रशियन खासदारांच्या अर्जावरून तिथल्या महाअभियोक्त्यांच्या कार्यालयाने 1991 मध्ये बाल्टिक देशांच्या स्वातंत्र्याला दिलेली मान्यता वैध होती का, याची छाननी सुरू केली होती. 1940 ची संमती वैध, 1991 ची सुटका संशयास्पद. एस्टोनियाबरोबरचा सीमाकरार 2005 मध्ये झाला, रशियाने सही मागे घेतली. 2014 मध्ये पुन्हा सह्या झाल्या, रशियाने तो अजून मंजूर केलेला नाही.

तेव्हा या तिघांनी कागदांचा नाद सोडून तारांकडे लक्ष दिलं. स्वतंत्र होऊन तेहतीस वर्षं झाली तरी त्यांची वीज सोव्हिएत काळातल्याच जाळ्यात होती आणि तिची वारंवारता मॉस्कोतून सांभाळली जायची. 2022 मध्ये रशियाची वीज घेणं थांबवलं, तरी हे बटण तिकडेच होतं. 8 फेब्रुवारी 2025 ला त्यांनी त्या तारा तोडल्या, एक रात्र स्वतःच्या बळावर काढली आणि दुसऱ्या दिवशी युरोपच्या जाळ्याला जोडून घेतलं. तिन्ही देशांत कुठेही दिवे गेले नाहीत. थोरल्याच्या भावना यापुढेही दुखावतील, पण त्या वीज तोडून व्यक्त करण्याची सोय आता राहिलेली नाही.