हा पाऊस आपला नाही

काल झडीभाऊंनी स्टाफरूमची सतरंजी पुन्हा बुडवली. अकोटची सतरंजी आहे. ती बसण्यासाठी विणतात, पाणी पिण्यासाठी नाही, हे मी त्यांना अठरा वर्षांपासून सांगतो आहे. ते शांतपणे ऐकून घेतात, मान हलवतात, आणि हलवलेल्या मानेतून आणखी पावशेर पाणी सतरंजीवर पडतं.

हा माणूस तुमच्याही ऑफिसात असणार. पावसाळ्यात साडेदहाला दारातून आधी पाणी आत येतं, मागून तो येतो. त्याच्याजवळ सायकल असते. गाडी घ्यायला पैसे नाहीत अशातला भाग नाही. पोरानं घेतलेली मोटरसायकल घरी ताडपत्रीखाली झाकून ठेवलेली असते, कारण पावसानं ती खराब होते. सायकल खराब होत नाही. माणसाचा तर प्रश्नच नाही.

झडीभाऊ आमच्या शाळेत बाबू आहेत. घर अकोटात, शाळा पोपटखेडच्या अंगाला नऊ किलोमीटरवर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे. हे नाव पोरांनी ठेवलं. वऱ्हाडात पाऊस तीन-तीन, चार-चार दिवस हटत नाही त्याला झड म्हणतात. झड लागली की एस.टी. येत नाही, पोरं येत नाहीत, मास्तर येत नाहीत. झडीभाऊ येतात. एका झडीत शाळेत ते एकटेच पोचले. त्यांनी स्वतः कुलूप उघडलं, स्वतः घंटा वाजवली, मस्टरवर स्वतःची सही केली आणि आम्हा अकरा जणांच्या नावापुढे सुबक अक्षरात गैरहजर लिहिलं. त्या दिवशी आमची रजा गेली ती गेलीच.

पण माणूस भिजतो याचा मला राग नाही, रजेचाही आता उरला नाही. भिजल्यावर तो जे बोलतो त्याचा आहे.

मी शाळेत रुजू झालो त्या जुलैतली गोष्ट. वाटेत पावसानं गाठलं म्हणून मोटरसायकल लावून कडुनिंबाखाली उभा होतो. समोरून सायकल आली. डाव्या हातात छत्री, उजव्या हातात हँडल, पायजमा गुडघ्यापर्यंत. न थांबता आवाज आला, ‘‘मास्तर, उभे काऊन राह्यले? हा पाऊस आपला नाही. मुंडगावचा हाय, रस्ता चुकला बिचारा. दोन मिन्टात वापस जाते.’’

नवा माणूस मी, विश्वास ठेवला. झाडाखालून निघालो. मुंडगावचा पाऊस मला शाळेपर्यंत सोडायला आला आणि तिसऱ्या तासापर्यंत व्हरांड्यात बसून होता.

तेव्हापासून आजपावेतो झडीभाऊंच्या अंगावर एकही पाऊस अकोटचा पडलेला नाही. त्यांना भिजवतो तो प्रत्येक पाऊस परगावचा. अंग पुसता पुसता ते त्याचा पत्ता सांगतात. चोहट्ट्याचा असला तर, ‘‘आवाज जास्त, माल कमी.’’ पणजचा असला तर, ‘‘केळीवाल्याचा पाऊस हाय, दमानं पडते, त्याले कायची घाई?’’ दर्यापूरचा तिरपा येतो आणि छत्रीच्या आत शिरतो. चिखलदऱ्याचा आला की, ‘‘हा फिरायले आला हाय, दोन दिवस राहीन अन् जाईन.’’ सातपुड्यावर, नरनाळ्याच्या किल्ल्याजवळ ढग नुसताच टेकून बसला असेल तर तो सरकारी: ‘‘वरून ऑर्डर आल्याबिगर खाली उतरत नाही.’’

एकदा मी चिडून विचारलं, ‘‘भाऊ, मग आपला पाऊस असतो तरी कुठे?’’

त्यांनी दक्षिणेकडे पाहिलं, शर्ट पिळला आणि म्हणाले, ‘‘येईन नं.’’

त्यांची सायकल ॲटलस. अठ्ठावीस इंची चाकं, दांड्यांचे ब्रेक, मागे कॅरिअर. लोखंडी रिम ओली झाली की ब्रेकचं रबर तिला नुसतं गोंजारतं. म्हणून उतारावर झडीभाऊ चपलेचा तळ पुढच्या टायरवर दाबतात. वर्षाला दोन चपला जातात, त्याही उजव्याच. चांभाराकडे त्यांच्या डाव्या चपलांचा ढीग आहे म्हणतात. डायनामो आहे, पण ओल्या टायरवर तो घसरतो, म्हणजे दिवा लागतो फक्त कोरड्या रात्री, जेव्हा चांदणंही असतं. ॲटलस कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद झाला, नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. मी ही बातमी त्यांना मोठ्या दुःखानं वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘‘बरं झालं. आता मायी सायकल कोनी जुनी हाय म्हननार नाही. आता ते शेवटची झाली.’’

डांबरी रस्ता सोडला की शाळेपर्यंत अर्धा किलोमीटर पांदण आहे, काळ्या मातीची. ही माती ज्यानं पावसात तुडवली त्याला सांगायला नको. पाणी प्याली की ती फुगते, आणि फुगली की जे दिसेल त्याला धरते. टायर आणि मडगार्डच्या मधे गारा इतका गच्च बसतो की चाक फिरायचंच बंद होतं. मग सायकल माणसावर बसते. नवखे लोक काडीनं गारा उकरत बसतात. झडीभाऊ मृग लागला की दोन्ही मडगार्ड काढून खुंटीला टांगतात आणि पोळ्याला, बैल सजतात त्या दिवशी, परत लावतात. मधले अडीच-तीन महिने त्यांच्या पाठीवर मानेपासून कमरेपर्यंत गाऱ्याची एक सरळ रेघ असते. पोरं तिला झडीभाऊंचं जानवं म्हणतात. पंचांगात प्रत्येक पावसाळी नक्षत्राला वाहन दिलेलं असतं, कुणाला बेडूक, कुणाला म्हैस, कुणाला मोर. झडीभाऊंच्या मते सगळ्या नक्षत्रांना एकेक ॲटलस दिली असती तर पाऊस वेळेवर आला असता.

आता पन्नी. प्लॅस्टिकच्या पिशवीला आमच्याकडे पन्नी म्हणतात, आणि झडीभाऊंकडे पन्नीत नसलेली एकच वस्तू आहे, ती म्हणजे झडीभाऊ. सीटला पन्नी, डब्याला पन्नी, मोबाइलला दोन पन्न्या, शाळेच्या किल्ल्यांना वेगळी पन्नी. सगळं कोरडं ठक्क. मी रेनकोट घ्या म्हटलं तर म्हणाले, ‘‘कायले? पाऊस आपला नाही, त्याच्यासाठी खर्च काऊन करू?’’

याच पन्न्यांच्या घडीतून एक दिवस एक जुनं हजेरीपत्रक निघालं. मला वाटलं एखाद्या वर्गाचं. उघडून पाहिलं तर पावसाचं. बाबू माणूस, हाताची सवय. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, पत्ता, शेरा. ‘१४ जुलै. सकाळी ९.५०. मुंडगाव. शेरा: विनाकारण.’ ‘२ ऑगस्ट. दुपारी ३.१०. दर्यापूर. शेरा: तिरपा, वागणूक सुधारावी.’ पानंच्या पानं. आमच्या हजेरीत खाडाखोड असते, पावसाच्या हजेरीत एकही नव्हती.

मी मास्तर आहे, मला चूक दाखवल्याशिवाय राहवत नाही. सांगितलं की हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तरच त्याला पावसाचा दिवस म्हणतं. तुमच्या वहीतले निम्मे दिवस त्यांच्या हिशेबानं पावसाचे नाहीतच. झडीभाऊ इतके दुखावलेले मी कधी पाहिले नव्हते.

‘‘म्हंजे दोन मिलिमीटरनं मी वल्ला झालो, तं तो दिवस कोरडा?’’

‘‘शास्त्र आहे, भाऊ.’’

‘‘अन् मी जाऊन उभा राह्यलो त्याईच्या समोर, असा टपटप गळत, तरी कोरडा?’’

यावर शास्त्राचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अकोला रस्त्यावरचा गांधीग्रामचा पूर्णा नदीवरचा इंग्रजांच्या काळातला पूल तडे गेल्यानं बंद केला, तेव्हा अख्खं अकोट हवालदिल झालं. अकोल्याला जायचं तर लांबचा फेरा. स्टाफरूममध्ये रोज त्याचीच चर्चा. पुढच्याच महिन्यात अकोला-अकोट ब्रॉडगेजवर प्रवासी गाडी सुरू झाली, म्हणून लोकांनी जरा श्वास घेतला. झडीभाऊ एवढंच विचारत होते, ‘‘पन सायकलीले तं सोडत असतीन नं पुलापर्यंत?’’ मला तेव्हा हसू आलं. यांना पुलाकडे काय काम, असं वाटलं.

काम पुलाच्या अलीकडेच होतं, हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं.

अकोट तालुक्याचे पाण्याच्या दृष्टीनं दोन भाग. उत्तरेला सातपुड्याचा पायथा, तिथल्या विहिरींना गोड पाणी, म्हणून केळी, संत्री, पानमळे. दक्षिणेला पूर्णेकडे उतरलं की खारपाणपट्टा. तिथे विहीर खोदली तर खारं पाणी लागतं. ते पिकाला दिलं तर जमीनच आजारी पडते. त्या पट्ट्यात गोड पाणी एकाच ठिकाणाहून येतं, वरून. झडीभाऊंचं साडेतीन एकर वावर त्या पट्ट्यात आहे, नाल्याच्या काठी. बाप गेल्यावर वाटणीला आलेलं. नोकरी उत्तरेला, वावर दक्षिणेला. अठरा वर्षं हा माणूस उत्तरेच्या रस्त्यावर भिजत होता आणि मनात हिशेब करत होता की हा थेंब इथे माझ्या डोक्यावर पडला, म्हणजे तिकडे वावरात पडला नाही. त्यांच्या दृष्टीनं वावरात पडेल तोच पाऊस आपला. बाकीचे सगळे परगावचे, रस्ता चुकलेले, विनाकारण.

मी ज्याला विनोद समजत होतो ती शेतकऱ्याची तक्रार होती. कळल्यावर थोडी लाज वाटली. थोडीच, कारण सतरंजी त्या दिवशीही ओली होती.

आणि गेल्या साली आपला पाऊस आला. रात्रीतून आला आणि सगळी उधारी एकदम फेडल्यासारखा आला. नाला वावरातून वाहिला. सकाळी पाहिलं तर बोंडं धरलेली पऱ्हाटी झोपलेली आणि वरची माती गेलेली.

आता सरकारी नियम ऐका. चोवीस तासांत महसूल मंडळात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला गेला तर ती अतिवृष्टी. मंडळात गावं पुष्कळ, पाऊस मोजायचं यंत्र एका जागी. यंत्रावर पडला तो पाऊस मंडळावर पडला. यंत्रापासून लांबच्या नाल्यावर पडला तो कुठे पडला, हे ज्यानं त्यानं ठरवावं. झडीभाऊंच्या मंडळाचा आकडा पासष्टच्या थोडा आत राहिला. शेजारच्या मंडळाचा पुढे गेला. नुकसानभरपाईच्या यादीत शेजारच्या मंडळाचं नाव लागलं.

झडीभाऊ सरकारी कचेरीत चौकशीला गेले. तिथला कर्मचारी भला होता, ओळखीतला. त्यानं यादी दाखवली, खुर्ची दिली, चहा सांगितला आणि म्हणाला, ‘‘भाऊ, नुकसान झालं हे मले दिसून राह्यलं. पन हा पाऊस आपला नाही. बाजूच्या मंडळाचा हाय.’’

हे मला झडीभाऊंनी स्वतःच सांगितलं. सांगताना हसले. असं वाक्य दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं असावं.

चहा पिऊन ते तिथून थेट शाळेत आले. सायकलीवर, भिजत. पोचायला बारा वाजले, तर मस्टरवर स्वतःच्या नावापुढे त्यांनी अर्धी रजा टाकली. मी त्या दिवशी काही बोललो नाही, टॉवेल दिला. सवयीनं विचारून गेलो, ‘‘कुठला हा?’’ उत्तर आलं नाही. पन्नीतून हजेरीपत्रक काढून ते लिहीत बसले. मग घंटा वाजवायला उठले, आणि मी मास्तर असून चोरून दुसऱ्याची वही वाचली.

सगळं पान मुंडगाव, पणज, दर्यापूर, चोहट्टा. त्या एका रात्रीच्या तारखेसमोर पत्त्याच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘आपला.’ आणि शेऱ्यात, ‘दोन एकर पऱ्हाटी गेली. बाकी तक्रार नाही.’

कालची सतरंजी मी आताच व्हरांड्यात वाळत घातली आहे. झड अजून हटलेली नाही, त्यामुळे ती काही वाळायची नाही. आणि सरकारी दप्तरात तो पाऊस अजूनही बाजूच्या मंडळाचाच आहे.