शॉकमुक्त शिक्षण

किरचॉफने १८४५ साली विद्यार्थिदशेतच सर्किटचे दोन नियम मांडले. बिचाऱ्याकडे दुप्पट वेगाने व्हिडिओ पाहण्याची सोय नव्हती. असती तर तो एवढ्या खोलात गेलाच नसता. आजचा विद्यार्थी ऑनलाइन अभ्यासक्रमात थेवेनिनचे प्रमेय जेवता जेवता उरकतो, आणि ताकभात संपायच्या आत नॉर्टनचेही.

प्रयोगशाळेची कटकट तर मिटलीच. बहुतेक सिम्युलेटरांत पाव वॅटच्या रेझिस्टरवर खुशाल १० वॅट उधळा: ना धूर, ना वास, ना बोटाला चटका. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उलटा जोडला, तर टेबलावरचा फटाक्यासारखा फुटू शकतो. पडद्यावरचा निमूट सोसतो. इतका सुसंस्कृत कपॅसिटर मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या अख्ख्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधून सापडणार नाही. (आणि ग्राउंडची वायर कधी सैल होत नाही, हे वेगळेच सुख.)

आता एकच सुधारणा उरली. हा अभ्यासक्रम विजेलाही सक्तीचा करावा. ती अजून जुन्याच वळणाची आहे. ९२ टक्क्यांचे प्रमाणपत्र दाखवले तरी २३० व्होल्टच देते.

तोवर प्रमाणपत्रधारकांना नम्र विनंती: स्विचबोर्डाचे झाकण उघडण्याआधी मेन स्विच बंद करावा. तो सहसा मीटरजवळ असतो. व्हिडिओत शोधू नये.