लागंल ते

नगरला भंगाराचा तोटा नाही. एमआयडीसी आहे, लष्कराचा तळ आहे, लुना बनवणाऱ्या कायनेटिकचा कारखानाही इथलाच. त्यामुळे गावात अधूनमधून एक खास जातीचे काका भेटतात. कारखान्यात फिटर म्हणून जन्म गेला, निवृत्तीनंतर हात स्वस्थ बसेनात, म्हणून वेल्डिंगचं मशीन आणलं. तेव्हापासून ते शिल्पकार.

इतर लोक भंगार विकतात, हे विकत घेतात. सकाळी काकूंनी मोडका स्टोव्ह गुपचूप किलोवर घातला, तर संध्याकाळी काका तोच दुप्पट भावानं घरी घेऊन येतात. "असली पितळी टाकी आता कुठं मिळती?" भंगारवालाही हुशार. काकांना आवडेल असं काही आलं की तो परस्पर बाजूला काढून ठेवतो.

घरात काही टाकायची सोय नाही. "राहू दे, लागंल ते." स्पार्क प्लगचे मुंगळे होतात, सायकलच्या चेनचा नाग होतो, लुनाच्या टाकीचं हरणाचं पोट होतं. शेजारच्या लग्नात लोक पाकिटं देतात, काका अकरा किलोचं घुबड देतात. ते दोघांनी उचलून घरी न्यावं लागतं आणि पुढं दाराला अडण म्हणून जन्मभर उपयोगी पडतं.

खरी परीक्षा पाहुण्याची. "ओळखा बघू!"

"मोर?"

"अहो, खंडोबाचा घोडा!"

"मग हा पिसारा?"

"शेपटी हाय ती. जरा लांबून बघा ना."

लांबून बघायला अंगणात जागा उरलेली नसते.

चंडीगडच्या नेकचंदांची गोष्ट त्यांना तोंडपाठ. रस्ते खात्यातला हा साधा इन्स्पेक्टर १९५७ पासून सरकारी जंगलात चोरून फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांची माणसं रचत होता. १९७६ मध्ये तेच रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं, १९८४ मध्ये पद्मश्री मिळाली. पद्मश्रीपाशी आले की काका काकूंकडे बघतात. "त्यांनी जंगलात केलं," काकू म्हणतात, "माझ्या मोरीत नाही."

पिकासोनं १९४२ मध्ये सायकलची सीट आणि हँडल जोडून बैलाचं डोकं केलं होतं. नातवानं मोबाइलवर ते दाखवलं. काकांनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिलं. "दोनच पार्ट? आळशी दिसतोय. पण बैल हाय हां, काही म्हणा."

बाहेरगावचे पाहुणे आले की काका त्यांना नगरच्याच रणगाडा संग्रहालयात नेतात. पाहुणे पाट्या वाचतात, कोणता रणगाडा कोणत्या लढाईतला ते बघतात. काका मात्र एकेका चाकावरून हात फिरवत उसासे टाकतात. "एवढं लोखंड, अन् नुसतं उभं!"

चालू यंत्र हे त्यांच्या लेखी अजून न पिकलेलं फळ. परवा माझी स्कूटर त्यांच्या दारात जरा खोकली. काका लगबगीनं बाहेर आले, वाकून सायलेन्सरला टिचकी मारली आणि अगदी मायेनं विचारलं, "अजून किती दिवस काढंल म्हणता ही?"