लाटेवरचा हर्षविधी : अधिकार, काल आणि प्रायश्चित्त

स्पर्धात्मक सर्फिंगमध्ये लाट संपवताना किंवा संपवल्यानंतर हात, मूठ, तर्जनी, छाती अथवा घसा यांपैकी एक वा अनेक अवयव वापरून ‘ही लाट झकास झाली’ असे परीक्षकांना व किनाऱ्यावरील जनतेला कळवण्याच्या क्रियेस ‘क्लेम’ म्हणतात. नियमपुस्तकात या क्रियेला गुण नाहीत आणि सभ्य सर्फरांच्या जुन्या परंपरेत तिला मानही नव्हता. असे असूनही आजच्या जागतिक मालिकेत कधीच क्लेम न करणारा सर्फर शोधावा लागतो, आणि एखाद्या दिवशी तो सापडलाच तर बहुधा त्याची ती लढत हातची गेलेली असते. तेव्हा हा विधी कोणी, केव्हा व किती करावा आणि चुकल्यास प्रायश्चित्त कोणते घ्यावे, याचे विवेचन एके ठिकाणी उपलब्ध असणे नवोदितांच्या हिताचे आहे.

विधीचे मर्म कळण्यासाठी प्रथम गुणदान समजून घेतले पाहिजे. हीट म्हणजे साधारण अर्ध्या तासाची लढत; तीत सर्फर अनेक लाटा घेऊ शकतो, प्रत्येक लाटेला पाच परीक्षक शून्य ते दहा या पट्टीवर गुण देतात, सर्वांत चढा व सर्वांत उतरता आकडा वगळून उरलेल्या तिघांची सरासरी धरली जाते, आणि सर्वोत्तम दोन लाटांची बेरीज, म्हणजे २० पैकी जे काही होईल ते, निकाल ठरवते. परीक्षकांनी पाहायचे ते धाडस व काठिण्य, नावीन्य, वळणांची विविधता व त्यांची सांधेजोड, आणि वेग, ताकद व ओघ. सर्फरला आनंद किती झाला हे पाहण्याची सोय या यादीत नाही. पण परीक्षक मनोऱ्यात बसलेली हाडामांसाची माणसे असतात आणि गुणांना मोजपट्टी लावता येत नाही, हे सर्फरला पक्के ठाऊक असल्यामुळे तो आपला आनंद मनोऱ्याच्या दिशेनेच व्यक्त करतो. क्रिकेटमध्ये क्षेत्ररक्षण करणाऱ्या संघाने दाद मागितल्याशिवाय पंच फलंदाजाला बाद देऊ शकत नाही, असा ३१वा नियम आहे, त्यामुळे तिथले ओरडणे हे रीतसर कामकाज ठरते. सर्फिंगमध्ये मात्र न मागता गुण मिळतातच, आणि न मागता मिळणारी गोष्ट वर हात करून मागणे शुद्धाचारी मंडळींना खटकते.

या शुद्धाचारी पंथाची ओळख इथेच करून घेणे सोयीचे होईल. पंथाचे आदिपीठ हवाईतील ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावरील पाइपलाइन येथे आहे, जिथे उथळ खडकावर लाट आदळून तिचा कडा पुढे कोसळतो आणि आत पाण्याची पोकळ नळी तयार होते; या नळीला बॅरल म्हणतात. १९७०च्या दशकात गेरी लोपेझ या बॅरलमध्ये हात सैल, खांदे सैल आणि मुद्रा निर्विकार ठेवून उभा राहत असे, आणि बाहेर आल्यावरही विशेष काही घडले असे दाखवत नसे. पंथीयांच्या मते हाच सदाचार होय. तो सदाचार अत्यंत देखणा होता, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. मात्र ज्या ठिकाणी चुकल्यास पाठ सोलून निघते तिथे खांदे आपोआप सैल राहत नाहीत, ते तसे ठेवण्याचा सराव करावा लागतो, आणि हा सराव कोणासाठी केला जातो या प्रश्नाचे उत्तर पंथाच्या ग्रंथांत नाही. निर्विकार चेहरा हाही क्लेमच असून तो हात खाली ठेवून केला जातो, इतकाच काय तो भेद.

आता अधिकार. आठ किंवा त्याहून अधिक गुणांच्या लाटेवरच क्लेम करावा, असा दंडक सर्वत्र सांगितला जातो. त्यात अडचण एवढीच की गुण जाहीर व्हायला वेळ लागतो आणि आनंदाला तेवढा दम नसतो. म्हणून सर्फरने स्वतःच्या लाटेचे मोल मनात आधी ठरवावे, त्यातून किमान एक गुण वजा करावा आणि मग हात उचलावा की केस मागे सारावेत याचा निर्णय घ्यावा. हा वजाबाकीचा नियम कोणीही पाळत नाही. दोन बऱ्यापैकी वळणे, तिसऱ्यात तोल जाता जाता सावरलेला, आणि लगेच दोन्ही मुठी आवळून मनोऱ्याकडे पाहून डरकाळी. मग येतात ५.१७. हे दृश्य एका दिवसात इतक्या वेळा पाहावे लागते की प्रेक्षकाला वाटावे, या मुलांना कोणी घरी काही सांगत नाही का.

अधिकाराच्या प्रश्नाला भौगोलिक बाजूही आहे आणि ती टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. गाब्रियेल मेदिना २०१४मध्ये ब्राझीलचा पहिला विश्वविजेता ठरला, आणि तेव्हापासून २०२५पर्यंत ठरलेल्या अकरा पुरुष विश्वविजेतेपदांपैकी आठ वेळा ब्राझीलचा माणूस वर होता; उरलेली तीन विजेतेपदे एकट्या जॉन जॉन फ्लॉरेन्सने हवाईला नेली. याच काळात ‘क्लेम फार वाढले’ ही तक्रार ऑस्ट्रेलिया, कॅलिफोर्निया आणि हवाई येथून वाढत्या सुरात ऐकू येऊ लागली, हा योगायोग अभ्यासकांनी नोंदवून ठेवावा. ब्राझीलच्या सर्फरने मूठ हवेत मारली तर तो थिल्लरपणा, आणि सिडनीच्या सर्फरने मारली तर ती जिगर, अशी परिभाषा पंथीयांत रूढ आहे. इतालो फेरेरा हा बाईया फोर्मोसा या गावातील मासे विकणाऱ्याचा मुलगा, मासे ठेवायच्या फोमच्या पेटीचे झाकण घेऊन लाटांवर खेळायला शिकला. २०२१मध्ये जपानच्या त्सुरिगासाकी किनाऱ्यावर ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत त्याचा बोर्ड पहिल्याच लाटेत मोडला, दुसरा बोर्ड घेऊन तो पुन्हा आत गेला आणि सर्फिंगमधले ऑलिंपिकचे पहिलेवहिले सुवर्णपदक जिंकून हमसाहमशी रडला. पेटीच्या झाकणावरून इथवर आलेल्या माणसाने या प्रसंगी मंद स्मित करावे, ही अपेक्षा ज्यांना कळते त्यांनाच ती कळो.

तंत्राविषयी थोडे. क्लेमचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण २९ जुलै २०२४ रोजी ताहितीमधील तेआहुपो येथे, पॅरिस ऑलिंपिकच्या तिसऱ्या फेरीत घडले: लाटेच्या वर हवेत उभा मेदिना, तर्जनी आकाशाकडे, आणि शेजारी त्याच्याइतकाच सरळ उभा राहिलेला त्याचा बोर्ड. एएफपीचा छायाचित्रकार जेरोम ब्रुइये बाजूच्या खोल पाण्यात उभ्या होडीतून हे टिपत होता, आणि ते चित्र पाहून जगातील अनेकांना ते बनावट वाटले. वस्तुतः यात चमत्कार नाही; लाट संपत आली की सर्फर बोर्ड लाटेच्या माथ्याकडे वळवून तिच्या पाठीवरून बाहेर पडतो, याला किक-आउट म्हणतात, आणि वेग भरपूर असेल तर माणूस व बोर्ड दोघेही क्षणभर हवेत जातात. नवोदितांनी दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. पहिली, तर्जनी उंचावण्याआधी लाटेतून पूर्ण बाहेर पडलेले असावे, कारण तेआहुपोच्या प्रवाळावर अर्धवट बाहेर पडलेल्या माणसाची तर्जनीच नव्हे तर बरेच काही सोलले जाते. दुसरी, छायाचित्रानंतरच्या क्षणी मनुष्य पाण्यात पडतोच. छायाचित्रकार तो क्षण छापत नाहीत. मेदिनाला त्या लाटेला ९.९० गुण मिळाले, म्हणजे मागणी आणि पुरवठा यांत फक्त एक दशांश कमी पडला. पुढे उपांत्य लढतीत समुद्र रुसला, त्याला उभ्या लढतीत एकच लाट मिळाली आणि तो हरला. लाटच नसेल तर काय क्लेम करणार?

निषिद्ध कालांपैकी मुख्य म्हणजे पाठीमागून पुढची लाट येत असतानाचा काळ. लाटा जथ्याने येतात, आणि बहुतेक वेळा क्लेम करणाऱ्याची पाठ समुद्राकडे असते. याहून अधिक स्पष्टीकरणाची गरज नाही.

दुसरा निषिद्ध काल प्रायॉरिटीचा. दोघांपैकी जो आधी लाटांच्या उगमापाशी परततो त्याला पुढच्या लाटेचा पहिला हक्क मिळतो, त्यास प्रायॉरिटी म्हणतात. सबब हर्ष जितका लांबतो तितका प्रतिस्पर्धी पुढे जातो. डिसेंबर १९९५मध्ये पाइपलाइनला उपांत्य लढतीत केली स्लेटर आणि रॉब मचाडो हे दोघे मित्र समोरासमोर होते आणि विश्वविजेतेपद पणाला लागले होते. एक सुंदर लाट संपवून बाहेर पडताना मचाडोने वाटेतल्या स्लेटरकडे बोर्ड वळवला आणि त्याच्या हातावर टाळी दिली. ती लढत, ती स्पर्धा आणि ते विश्वविजेतेपद, तिन्ही स्लेटरने जिंकले. टाळीपायी मचाडोने नेमके काय गमावले यावर सर्फर अजूनही वाद घालतात. या ग्रंथपरंपरेत ती टाळी कोणत्याही नियमात बसत नाही, आणि तरीही सर्व नियमांच्या वर तिला जागा द्यावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

किनाऱ्यावरील विधींमध्ये खांद्यावर मिरवणे हा श्रेष्ठ. विजेता कमरेएवढ्या पाण्यात आला की दोन मित्रांनी आत जावे. ते शक्यतो सारख्या उंचीचे असावेत, अन्यथा विजेता वर्तमानपत्रात तिरका छापला जातो. उचलण्यापूर्वी घोट्याला बांधलेली लीश, म्हणजे बोर्ड वाहून जाऊ नये म्हणून असलेली दोरी, आठवणीने सोडावी; ती न सोडता उचलल्यास बोर्ड वाळूतून फरफटत येतो आणि त्याच्या तळाशी असलेले धारदार फिन मागून धावणाऱ्या आप्तेष्टांच्या नडगीचा वेध घेतात. ओला रबरी पोशाख निसरडा असतो, म्हणून पकड गुडघ्याच्या वर असावी. ध्वज कोणी द्यायचा हे आधी ठरलेले असावे. हा विधी कितीही ठरीव झाला असला तरी, खाऱ्या पाण्याने डोळे लाल झालेला, नाकातून पाणी गळणारा माणूस मित्रांच्या डोक्यांवर तोल सावरत बसलेला पाहताना शुद्धाचारी प्रेक्षकही उठून उभा राहतो, असा अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियात बेल्स बीच येथील विजेत्याने चषकातील घंटा डोक्यावर धरून वाजवावी. जोरात वाजवावी.

धनादेशाचा विधी मात्र सावधपणे हाताळावा. पुरस्कर्ते दारासारखा रुंद पुठ्ठ्याचा धनादेश विजेत्याच्या हाती देतात, आणि त्यावरचा आकडा लांबूनही वाचता येतो हेच त्यातले संकट आहे. २०१८मध्ये दक्षिण आफ्रिकेत बॅलिटो येथे कनिष्ठ गटातील विजेता मुलगा आणि विजेती मुलगी शेजारी शेजारी उभे राहिले, त्याच्या धनादेशावर ८,००० रँड आणि तिच्या धनादेशावर ४,००० रँड असे ठळक लिहिले होते, आणि दोघेही हसत होते. पुरुष व महिलांना वेगवेगळी रक्कम देण्याची प्रथा त्याआधी वर्षानुवर्षे चालू होती, पण ती अशी फूटपट्टीने मोजता येईल इतक्या मोठ्या अक्षरांत कोणी धरून दाखवली नव्हती. छायाचित्रावरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वर्ल्ड सर्फ लीगने २०१९पासून समान बक्षिसांची घोषणा केली. पुठ्ठ्याने केलेला हा क्लेम मात्र पूर्ण मान्य झाला.

प्रायश्चित्ते सौम्य आहेत. मोठा क्लेम आणि छोटे गुण अशी गत झाल्यास सर्फरने मनोऱ्याकडे न पाहता मुकाट्याने वल्हवत परत जावे. पाण्यावर एकदा मूठ मारण्यास हरकत नाही, बोर्डवर मारण्यास आहे, कारण बोर्ड महाग असतो. परीक्षकांवरचा राग जाहीर पत्रातून व्यक्त करण्याचा प्रघात २०२३मध्ये कॅलिफोर्नियातील कृत्रिम लाटेच्या स्पर्धेनंतर गाजला, तेव्हा मेदिना, फेरेरा आणि फिलिपे टोलेडो या तिघा ब्राझीलवासीयांनी गुणदानावर उघड आक्षेप घेतला आणि लीगच्या प्रमुखाने परीक्षकांची बाजू घेत उलट पत्र लिहिले. पत्रांनी एकाही लाटेचे गुण बदलले नाहीत.

शेवटी बेरजेचा नियम. नोव्हेंबर २०११मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे केली स्लेटरला अकराव्यांदा विश्वविजेता घोषित करण्यात आले, जल्लोष झाला, अभिनंदने झाली, आणि मग लक्षात आले की संघटनेने गुणांचे गणित चुकवले असून विजेतेपद अजून ठरलेलेच नाही. काही दिवसांनी स्लेटरने आणखी एक लढत जिंकली आणि तोच विश्वविजेतेपदाचा विधी दुसऱ्यांदा पार पडला. संघटनेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने राजीनामा दिला. यास्तव हीट संपल्याचा भोंगा वाजल्यावर, शेवटच्या लाटेचे गुण यायचे असताना, पाण्यात तरंगणाऱ्या दोन्ही सर्फरांनी हात बोर्डवर ठेवावेत. ध्वनिक्षेपकावरचा आकडा वाऱ्याने अर्धा उडून जातो, म्हणून त्यावर विसंबू नये. किनाऱ्याकडे पाहावे आणि कोणाचे मित्र पाण्यात धावत सुटले ते ओळखावे. आपले मित्र गुडघाभर पाण्यात आलेले दिसले की दोन्ही हात खुशाल वर करावेत, मात्र मित्र निवडताना आकडा पूर्ण ऐकून घेणारे निवडलेले असावेत.